सखीरच्या अंगणातला फ्लॉवर आणि आपली तब्येत



नव्याच्या सणाआधी आम्ही दोघे, म्हणजे मी आणि आमचे हे, मुलीकडे बहारीनला गेलो आणि पेसाहच्या आधी ठाण्याला परत आलो. जावई तिथल्या विद्यापीठात शिकवतात. बहारीन विद्यापीठाचे मोठे आवार सखीरला आहे आणि मुलीचे घर तिथून जवळच. घरामागे छोटेसे अंगण, त्यात वाळू, दोन खजुरीची झाडे आणि एक दोरी कपडे वाळवायला. सहा महिने नुसते बसून काय करायचे, म्हणून आम्ही तिथे दहा कुंड्यांत फ्लॉवर लावला.

भाजी झकास आली, आणि त्याच भाजीमुळे यांच्या रक्ताची तपासणी बिघडली. चाळीस वर्षे नर्सचे काम करूनही ही गोष्ट माझ्या वेळेत लक्षात आली नाही. म्हणून या वेळच्या सदरात दोन्ही लिहिते: फ्लॉवर घरी कसा लावावा, आणि लावलेला फ्लॉवर आपल्या वयात कसा खावा.

सखीर कसे आहे

बहारीन या अरबी शब्दाचा अर्थ दोन समुद्र. चहूकडे खारे पाणी आणि जमिनीतून गोड पाण्याचे झरे, अशी या बेटाची जुनी ओळख होती. आता बरेच झरे आटले आहेत, विहिरींचे पाणी खारट झाले आहे आणि नळाला बहुतेक समुद्राचे गोड केलेले पाणी येते. पाऊस वर्षाला ८० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही थंडीतच. आपल्या अलिबागला पावसाळ्यात एवढा पाऊस कधीकधी एका दिवसात पडतो.

सखीर हा बेटाच्या मधला, वाळवंटी भाग. मोटारींच्या शर्यतींमुळे आता जगाला त्याचे नाव माहीत झाले आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. नोव्हेंबरपासून मात्र हवा बदलते. जानेवारीत सरासरी तापमान १७ अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या पुण्या-नाशिकच्या थंडीसारखे. तेव्हा तिथली कुटुंबे सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहायला येतात. माणसांना तंबूत राहावेसे वाटते तो काळ फ्लॉवरलाही मानवतो, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले.

तिथल्या वाळवंटात 'जीवनवृक्ष' म्हणून प्रसिद्ध असलेले एक झाड आहे. ते आपल्या शमीच्या कुळातले. वय सुमारे चारशे वर्षे, आणि जवळपास दुसरे झाड नाही. त्याची मुळे खोल गेली आहेत म्हणून ते जगले. फ्लॉवरचे नेमके उलटे आहे. त्याची बहुतेक मुळे वरच्या फूटभर मातीतच पसरतात. वरची माती तापली, सुकली किंवा खारट झाली की त्याला लगेच त्रास होतो.

पेरणीची वेळ

फ्लॉवर मूळचा आपल्याकडचा नाही. भारतात तो १८२२ साली इंग्रजांच्या काळात आला आणि सहारनपूरच्या कंपनी बागेत पहिल्यांदा लावला गेला, असे शेतीच्या पुस्तकांत सांगतात. थंड देशातली ही भाजी पुढे इथल्या उष्ण हवेत रुळली आणि तिच्या हळव्या व गरव्या अशा जाती तयार झाल्या.

जात निवडताना एकच गोष्ट पाहायची: गड्डा धरायच्या वेळी हवा किती थंड असेल. 'पुसा मेघना', 'पुसा दीपाली' या लवकर येणाऱ्या जातींचा गड्डा २० ते २७ अंशांत धरतो. 'पुसा स्नोबॉल' प्रकारातल्या जातींना १० ते १६ अंशांची थंडी लागते. मुंबई, ठाणे, अलिबागला स्नोबॉल लावला तर नुसती पाने येत राहतात. सखीरला आणि कोकणात लवकर येणारी किंवा मध्यम जातच बरी. बीच्या पाकिटावर 'हळवी' किंवा 'उष्णता सोसणारी' असे लिहिले आहे का ते पाहावे.

मी आमच्या सणांवर हिशेब बसवला. आपल्या वयाला तो लवकर लक्षात राहतो.

नव्याचा सण आणि किप्पूर झाले की, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, बी टाकावे. सुक्कोथ होऊन गेल्यावर, बी टाकल्यापासून चार ते पाच आठवड्यांनी, रोपे कुंडीत लावावी. हनुकापर्यंत पानांचा चांगला पसारा होतो. तू बिश्वातच्या सुमारास पहिले गड्डे निघतात. होळीचा सण, म्हणजे पुरीम, आला की शेवटचे गड्डे काढून घ्यावेत, कारण त्यानंतर सखीरची हवा तापू लागते. पेसाहला कुंड्या रिकाम्या.

आपले सण चंद्राप्रमाणे पुढेमागे सरकतात. नव्याचा सण सप्टेंबरच्या सुरुवातीला आला तर घाई करू नये, रात्री थोड्या निवेपर्यंत थांबावे.

बी, रोप आणि कुंडी

बी खोक्यात किंवा छोट्या पेल्यांत अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकावे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सखीरला बाहेर अजून खूप उष्णता असते. म्हणून आम्ही पेले घरात खिडकीजवळ ठेवले. पाच-सहा दिवसांत कोंब आले. कोंब दिसताच त्यांना उजेड द्यायचा, नाहीतर रोपे लांबट आणि लुळी होतात. मग रोज थोडा वेळ बाहेर सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात, असे आठवडाभर सवयीला लावायचे. एसीच्या खोलीतून थेट उन्हात नेलेले रोप कोमेजते. आपणही असे एकदम बाहेर पडलो तर चक्कर येतेच की.

चार-पाच खरी पाने आली की रोप लावावे. सहा आठवड्यांपेक्षा जास्त दिवस ते पेल्यात अडकून राहिले तर पुढे गड्डा बटणाएवढाच राहतो.

एका कुंडीत एकच रोप. कुंडी किमान १४ इंच रुंद, १२ इंच खोल, खाली पाणी जायला भोके. जमिनीत लावायचे तर दोन रोपांत दीड फूट अंतर. आमची माती अशी होती: दोन भाग बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले कंपोस्ट, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुगा. हा भुगा कधीकधी खारट असतो. तो आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा.

खत म्हणून आम्ही निंबोळी पेंड घातली. पेंडीचे नाव काढले की मला आपल्या घरातल्या जुन्या गोष्टी आठवतात. आपले पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. तेल विकले की मागे पेंड राही, ती गुरांना आणि शेताला. आज घाणे नाहीत, पण पेंड पिशवीत मिळते. रोप लावायच्या आठवडाभर आधी दर कुंडीत एक मूठ मिसळावी, आणि पुढे तीन आठवड्यांनी व सहा आठवड्यांनी अर्धी-अर्धी मूठ वरून मातीत कालवावी. गड्डा धरल्यावर खत बंद.

रोपे नेहमी संध्याकाळी लावावीत आणि पहिले आठ-दहा दिवस दुपारच्या उन्हात वर जुनी पांढरी चादर किंवा हिरवी जाळी बांधावी.

पाणी सारखे हवे

फ्लॉवरला धक्का सोसत नाही. दोन दिवस कोरडे ठेवून तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी दिले तर झाड जगते, पण घाबरून वेळेआधीच बटणाएवढा गड्डा धरते आणि तो मोठा होत नाही. आमच्या दहांपैकी दोन झाडांचे असेच झाले. नोव्हेंबरात आम्ही सगळे दोन दिवस बाहेर होतो. त्यात शमाल वारा सुटला, वाळू उडाली आणि वाऱ्याच्या तोंडावरच्या दोन कुंड्या खडखडीत वाळल्या. एक झाड आधीच मेले होते. उरली सात.

नियम सोपा आहे. रोज सकाळी बोट मातीत दोन इंच घालून पाहावे. कोरडे लागले तर खालून पाणी गळेपर्यंत द्यावे, ओले लागले तर देऊ नये. मातीवर वाळलेल्या खजुरीच्या झावळ्यांचे तुकडे पसरले तर ओल टिकते. ठाण्याला नारळाच्या शेंड्या चालतील. शब्बाथसाठी आम्ही शुक्रवारी दुपारी नीट पाणी देऊन वर हे आच्छादन जाड करत होतो. थंडीच्या दिवसांत एवढ्यावर शनिवार निभतो.

खाऱ्या मुलखात आणखी एक काळजी घ्यावी लागते. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरा थर दिसला तर ते मीठ आहे. दर पंधरा-वीस दिवसांनी एकदा कुंडीतून भरपूर गोडे पाणी वाहू द्यावे, म्हणजे मीठ खाली निघून जाते. विहिरीचे खारट पाणी फ्लॉवरला देऊ नये. एसीतून ठिबकणारे पाणी खारट नसते. ते मातीत घालायला हरकत नाही, पण गड्ड्यावर शिंपडू नये आणि बादलीत साठवून ठेवू नये, डास होतात.

गड्डा आतून तपकिरी आणि देठ पोकळ निघाला तर मातीत बोरॉन कमी असू शकते. पण अंदाजाने बोरॅक्स टाकू नये. ते थोडे जास्त झाले तरी झाडाला विषच. रोपवाटिकेत विचारावे.

जाळी: कीड आणि कोशेर, दोन्हींसाठी

फ्लॉवरवर हिरव्या छोट्या अळ्या, मावा आणि पांढरे फुलपाखरू येते. बाजारातल्या फ्लॉवरवर यासाठीच औषधे मारतात. आपल्याला तोराने किडे वर्ज्य केले आहेत, आणि फ्लॉवरच्या तुऱ्यांत लपलेला किडा शोधणे फार अवघड. पुष्कळ घरांत म्हणूनच फ्लॉवर आणणे बंद झाले आहे.

घरी लावण्याचा मोठा फायदा इथे आहे. रोप लावले त्याच दिवशी चार काठ्या रोवून त्यावर मच्छरदाणीपेक्षा बारीक विणीची जाळी टाकावी आणि खालून मातीत किंवा विटांखाली दाबून बंद करावी. फ्लॉवरला गड्डा धरायला मधमाशी लागत नाही, त्यामुळे जाळी शेवटपर्यंत ठेवता येते. आठवड्यातून दोनदा जाळी उचलून पानांच्या खालची बाजू पाहावी. अंडी किंवा अळी दिसली तर हाताने काढावी. मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा. त्यानेही भागले नाही तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. जाळीबाहेर एका कुंडीत मोहरी पेरली तर पुष्कळ कीड तिकडे जाते.

जाळीतला असला तरी गड्डा तपासायचाच. साधारण पद्धत अशी: तुरे लहान लहान सुटे करावेत, दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात हलवावेत, आणि ते पाणी पांढऱ्या थाळीत ओतून उजेडात पाहावे. किडा दिसला तर नव्या पाण्यात पुन्हा करावे. तीनदा करूनही दिसत राहिला तर तो गड्डा सोडून द्यावा. मोतीबिंदू असेल तर स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नये, नातवाला बोलवावे किंवा भिंग घ्यावे. आपल्या घरी कोणती रीत पाळायची ते आपल्या हझानांना विचारावे.

गड्डा झाकणे आणि काढणे

गड्डा लिंबाएवढा दिसू लागला की बाहेरची मोठी पाने वर घेऊन सैल दोऱ्याने बांधावीत. ऊन लागले तर गड्डा पिवळा पडतो. पिवळा गड्डा खायला वाईट नसतो, पण चवीला उग्र लागतो. बांधल्यावर दर दोन दिवसांनी डोकावून पाहावे. गड्डा घट्ट असतानाच, पाच-सहा इंचांचा झाला की, चार पानांसह कापावा. थांबून तो मोठा होत नाही. त्याचे तुरे सुटतात आणि भाताच्या शितांसारखे दाणे दिसू लागतात.

आमचे सातही गड्डे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एकदम तयार झाले. बी एकाच दिवशी टाकले होते, दुसरे काय होणार? अरबीत फ्लॉवरला करनबीत म्हणतात. शेजारच्या बाईंना एक दिला, समोरच्या केरळच्या कुटुंबाला एक दिला. पाच घरात राहिले, आणि त्यांची हिरवी कोवळी पाने.

आमच्याकडे काय झाले

यांच्या हृदयाचे ठोके पाच वर्षांपासून अनियमित पडतात. त्यामुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याची भीती असते. म्हणून रोज संध्याकाळी वॉरफेरिनची गोळी, जिला आपण रक्त पातळ करायची गोळी म्हणतो. तिचा परिणाम आयएनआर नावाच्या तपासणीने मोजतात. यांचा आकडा २ ते ३ मध्ये हवा. डिसेंबरात तो २.६ होता.

त्या आठवड्यात आणि पुढच्या आठवड्यात आम्ही सकाळ-संध्याकाळ फ्लॉवर खाल्ला. आणि पाने टाकायला माझा जीव होईना. कोवळ्या पानांची लसूण घालून भाजी, पानांची डाळ, पानांच्या वड्या. आपल्या हातची भाजी म्हणून हे दुप्पट जेवत होते. महिन्याची तपासणी केली तेव्हा आकडा १.५ आला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी चुकली का?" नाही. दुसरा विचारला, "खाण्यात काय बदलले?" मी तिथेच कपाळाला हात लावला.

रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागते. वॉरफेरिन त्या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. डॉक्टर गोळीचा डोस आपल्या नेहमीच्या जेवणाकडे पाहून बसवतात. जेवणात के एकदम वाढले की गोळी कमी पडते आणि गुठळीचा धोका वाढतो. एकदम कमी झाले की गोळी जास्त होते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो.

फ्लॉवरच्या पांढऱ्या गड्ड्यात के तसे कमी असते, १०० ग्रॅममध्ये सुमारे १५ मायक्रोग्रॅम. पालकात ते ४८० च्या आसपास असते. पण फ्लॉवरची हिरवी पाने पालेभाजीच आहेत, त्यांत गड्ड्याच्या कितीतरी पट के असते. आकडा खाली आणला तो पानांनी.

डॉक्टरांनी काही दिवसांसाठी डोस बदलला, आठवड्याने पुन्हा रक्त तपासले आणि पाने एकदम बंद न करता हळूहळू कमी करायला सांगितले. तीन आठवड्यांत आकडा २.३ वर आला. आमचे नशीब, मध्ये काही वाईट झाले नाही. पण ते तीन आठवडे मी रोज सकाळी उठल्याबरोबर यांना हसायला सांगत होते, तोंड वाकडे तर होत नाही ना ते पाहायला.

म्हणून हे लिहून ठेवा. वॉरफेरिन किंवा असिट्रॉम घेत असाल तर हिरव्या भाज्या सोडायच्या नाहीत, पण दर आठवड्याला साधारण सारख्या खायच्या. बागेत पीक येणार असेल, गावाला जाऊन जेवण बदलणार असेल, तर आधी डॉक्टरांना सांगायचे. डोस आपल्या मनाने कमी-जास्त करायचा नाही. रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन या नव्या गोळ्यांवर के जीवनसत्त्वाचा असा परिणाम होत नाही. आपली गोळी कोणती ते नाव वाचून घ्या, रंगावरून ओळखू नका.

बागेतही मी आता शहाणी झाले. दहा बिया एका दिवशी टाकायच्या नाहीत. दर पंधरा दिवसांनी तीन बिया, असे तीन-चार वेळा. म्हणजे जानेवारीपासून पुरीमपर्यंत आठवड्याला एखादा गड्डा मिळतो. झाडाला सारखे पाणी हवे, तसे आपल्या शरीराला सारखे जेवण हवे.

कोणी किती खावा

फ्लॉवर गुणी भाजी आहे. १०० ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये सुमारे २५ कॅलरी, २ ग्रॅम चोथा आणि ४८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. जास्त शिजवले की क बरेच जाते. म्हणून तुरे लहान करून झाकणावर पाणी ठेवून मऊ होईपर्यंतच शिजवावेत. दात नसतील तर चांगले मऊ करून चमच्याने दाबून खावे.

मधुमेह: बटाट्याच्या जागी फ्लॉवर घेतल्यास साखर कमी चढते. पण फ्लॉवर-बटाट्याच्या भाजीत फ्लॉवर नावाला आणि बटाटा पोटभर, असे करू नये.

रक्तदाब: फ्लॉवर चालतो. फ्लॉवरचे खारट लोणचे आणि तळलेले मंचुरियन चालत नाही.

मूत्रपिंडाचा आजार: कच्च्या फ्लॉवरमध्ये १०० ग्रॅमला सुमारे ३०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकले तर ते जवळजवळ निम्मे होते. किती खायचा ते आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

थायरॉइड: शिजवलेला फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने त्रास होत नाही. थायरॉइडची गोळी मात्र सकाळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबरच घ्यावी.

गॅस: फ्लॉवरने पोट फुगणाऱ्यांनी एका वेळी वाटीभरच घ्यावा, तोही रात्री नको. फोडणीत हिंग, ओवा, आले घालावे. आमच्याकडे तो नारळाच्या रसात, हळद-हिरवी मिरची-आले घालून करतात. मटणाच्या जेवणातही चालतो, दुधाचा प्रश्न येत नाही. नारळाचा रस बेताने, कोलेस्टेरॉल असेल तर आणखी बेताने.

काम करताना स्वतःला जपा

तरतरी टिकवायला बागकाम चांगले. सकाळचे कोवळे ऊन मिळते, बोटे हलतात, रोज उठायला कारण मिळते. यांनी त्या अंगणात मोबाईल बाजूला ठेवला, हे मला सगळ्यात मोठे वाटले. पण आपल्या वयात चार गोष्टी पाळाव्यात.

कुंड्या जमिनीवर न ठेवता मजबूत टेबलावर किंवा विटांच्या ओट्यावर, कमरेच्या उंचीला ठेवाव्यात. उकिडवे बसून एकदम उठले की, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना, चक्कर येते. पाण्याची नळी वाटेत पडू देऊ नये. तिच्यात पाय अडकून पडलेल्या, खुब्याचे हाड मोडलेल्या बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत.

वय झाले की तहान कमी लागते. तहान लागो न लागो, बाहेर जाण्याआधी पेलाभर पाणी प्यावे. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवले असेल तर तेच पाळावे. बहारीनमध्ये भर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ मजुरांना उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते. जिथे धडधाकट तरुणांना थांबवतात तिथे आपण कशाला जायचे? ऑक्टोबरातही आम्ही सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच अंगणात जात होतो.

हातमोजे घालावेत. मधुमेह असेल तर पायात बंद बूट. मातीचा ओरखडा लागला तर लगेच साबणाने धुवावा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना विचारावे. कंपोस्टची पिशवी उघड्या हवेत उघडावी, आत थोडे पाणी शिंपडावे आणि तोंडावर मास्क बांधावा. त्या धुळीत कधीकधी न्यूमोनिया करणारे जंतू असतात. काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

आपापल्या गावी

हा हिशेब सखीरचा झाला. दिमोना, बीरशेबा किंवा अश्दोदला राहणारे वाचक सुक्कोथच्या आसपास रोपे लावू शकतात. हिब्रूत रोपवाटिकेत क्रुवित म्हणून मागावे. तिथे थंडी जास्त, म्हणून उशिराची जातही येते. ठाणे, पनवेल, अलिबागला दिवाळीच्या सुमारास रोपे लावावीत, जात हळवीच घ्यावी. गॅलरीत दिवसाला पाच-सहा तास ऊन येत नसेल तर फ्लॉवरच्या नादी लागू नये, मेथी-कोथिंबीर लावावी.

आम्ही ठाण्याला परतलो तेव्हा मुलीने चार कुंड्या धुऊन उपड्या घालून ठेवल्या. पुढच्या नव्याच्या सणाला त्या सरळ करायच्या आहेत. यांनी माझ्याकडून एक वहीही बनवून घेतली आहे. डाव्या पानावर पेरणीची तारीख, उजव्या पानावर आयएनआरचा आकडा. तुमच्या घरी कोणी ही गोळी घेत असेल आणि अंगणात काही हिरवे उगवत असेल, तर अशी वही तुम्हीही करा.